फायनाइट एलिमेंटचे उत्तर कागदावरच्या गणिताशी कसे ताडून पाहावे

फायनाइट एलिमेंट पद्धतीत संगणक भागाचे लहान तुकडे (एलिमेंटे) करून त्याचे वाकणे आणि प्रतिबल (दर क्षेत्रफळामागचे अंतर्गत बल) काढतो. असे मॉडेल चालवण्यापूर्वी अपेक्षित उत्तर कागदावर लिहून ठेवावे, कारण निकालाचे रंगीत चित्र एकदा पाहिले की नंतर मांडलेले गणित नकळत त्याच आकड्याकडे ओढले जाते. उदाहरणादाखल एका टोकाला पक्की जखडलेली 400 मिमी लांब, 20 मिमी रुंद आणि 40 मिमी उंचीची पोलादी पट्टी घ्या व तिच्या मोकळ्या टोकावर 1000 न्यूटन भार खालच्या दिशेने द्या. आधारापाशी बेंडिंग मोमेंट (वाकवणारा परिणाम, म्हणजे भार गुणिले अंतर) 4,00,000 न्यूटन-मिमी आणि सेक्शन मॉड्युलस (छेदाच्या मापांवरून येणारा वाकण्याला होणारा विरोध) सुमारे 5333 घन मिमी, म्हणून पहिल्याला दुसऱ्याने भागून प्रतिबल 75 मेगापास्कल येते. यंग मॉड्युलस (पदार्थाच्या ताठरपणाचे माप) 200 गिगापास्कल धरल्यास मोकळे टोक 1 मिमी खाली जाते.

संगणकाने मॉडेल सोडवल्यावर आधी आधाराची प्रतिक्रिया पाहावी. ती 1000 न्यूटन नसेल, तर चूक भारात किंवा एककांत आहे आणि पुढचे काही पाहण्यात अर्थ नाही. त्यानंतर टोकाचे वाकणे तपासावे. कागदावरच्या सूत्रात शिअरचा (थर एकमेकांवर सरकण्याचा) वाटा धरलेला नसल्याने सॉलिड (त्रिमितीय) मॉडेलमध्ये ते जेमतेम एक टक्का जास्त दिसते. उलट ते बरेच कमी भरले, तर संशय चार नोडच्या (एलिमेंटे जोडणाऱ्या बिंदूंच्या) टेट्राहेड्रनवर, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या एलिमेंटवर घ्यावा, कारण ही एलिमेंटे वाकताना अवाजवी ताठर वागतात. तेथे दहा नोडची वापरावीत.

प्रतिबल सर्वांत शेवटी, आणि तेही आधारावर नव्हे, तर आधारापासून 100 मिमी अंतरावर वरच्या पृष्ठभागावर वाचावे. तेथे सूत्र 56.25 मेगापास्कल देते. मॉडेलमधूनही लांबीच्या दिशेचे प्रतिबलच घ्यावे. सर्व दिशांची प्रतिबले एकत्र करून काढलेल्या वॉन मायझेस आकड्याला चिन्ह नसते, त्यामुळे वर ताण आणि खाली दाब हा फरकच पुसला जातो. आता एलिमेंटचा आकार निम्मा करून मॉडेल पुन्हा चालवा: 100 मिमीवरचा आकडा जवळपास हलणार नाही, पण जखडलेल्या टोकाच्या कडेवरचा वाढेल आणि मेश (एलिमेंटांची जाळी) जितकी बारीक कराल तितका वाढतच राहील. त्या कडेवर खुद्द सिद्धांताचेच उत्तर अनंत आहे, म्हणून तो लाल ठिपका अहवालात कमाल प्रतिबल म्हणून देऊ नये.

छिद्र असेल तेथे मात्र साधे सूत्रच अपुरे पडते. ताणलेल्या रुंद पत्र्यातील लहान गोल छिद्राच्या काठावर प्रतिबल सरासरीच्या तिप्पट असते, त्यामुळे सूत्राच्या उत्तराला हा गुणांक लावूनच तुलना करावी. स्थिर भाराखालील तन्य (तुटण्याआधी ताणले जाणाऱ्या) पोलादासाठी सूत्रावर बेतलेली अनुज्ञेय (चालू शकणाऱ्या प्रतिबलाची) मर्यादा या स्थानिक शिखराला थेट लावली, तर भाग विनाकारण जाड होतो. भार वारंवार बदलणारा असेल, तर फटिगच्या (वारंवार भाराने तडा जाण्याच्या) हिशोबात तेच शिखर धरावे लागते.