नवख्याचं सदस्य पान वगळण्याआधी

विकिपीडियावर पान वगळायचा, म्हणजे डिलीट करायचा, अधिकार हाती आला की पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक प्रचालकाला (अ‍ॅडमिनला) सफाईचा झटका येतो. मलाही आला होता. नवीन पानांची यादी उघडायची, नव्या खात्यांची सदस्य पानं, म्हणजे सदस्यानं स्वतःची ओळख लिहायची पानं, हेरायची, ‘जाहिरात’, ‘जाहिरात’, ‘असंबद्ध’ असे शेरे मारत उडवायची आणि मोजत बसायचं, आज चाळीस झाली. त्या चाळिसांत काही माणसंही होती, हे कळायला मला फार वेळ लागला.

‘आधी धोरण वाचा’ हा सल्ला कृपा करून कोणी देऊ नका. धोरण वाचलेलंच असतं. समोरचं पान धोरणाच्या कुठल्याच खणात सरळ बसत नाही, खरी पंचाईत तिथे असते.

आधी फोन नंबर आणि वय

पानावर घरचा पत्ता, फोन नंबर किंवा लहान मुलानं लिहिलेलं शाळेचं नाव आणि वय दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी काढा. इथे चर्चा नको, सात दिवसांची मुदतही नको. विकिपीडियासारख्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटवर मजकूर नुसता पुसला तर तो इतिहासात जसाच्या तसा राहतो. ती आवृत्ती लपवली तरी प्रचालकांना दिसते. त्यांच्याही नजरेआड करायची तर दडपणीचा अधिकार असलेल्यांना कळवावं लागतं, आणि तेही ईमेलनं. चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, ‘अमक्याच्या पानावर नंबर आहे हो’ म्हणून दवंडी पिटणारे महाभाग मी पाहिले आहेत.

एक खड्डा लक्षात ठेवा. काही ठिकाणी पान वगळताना कारणाच्या चौकटीत त्याच पानाचा मजकूर आपोआप भरलेला असतो. न बघता कळ दाबली, तर पान जातं आणि नंबर मात्र वगळल्याच्या सार्वजनिक नोंदीत जाऊन बसतो. मी हे एकदा केलं आहे. चौकट आधी रिकामी करा.

मग खातं बघा

योगदानाची यादी उघडा, दुसऱ्या भाषांतल्या विकींवरचीही. ‘माझं नाव अमुक, वय २४, मला फिरायला आणि संगीत ऐकायला आवडतं’ आणि त्याखाली कर्जाच्या किंवा औषधाच्या दुकानाचा दुवा, असा मजकूर पाच विकींवर त्याच दिवशी पडला असेल, तर पलीकडे माणूस नाही, यंत्र आहे. वगळा, खातं रोखा, पुढे चला.

(वगळायची कळच दिसत नसेल तर गोंधळू नका. २०१५ पासून मेटा-विकीवरचं, म्हणजे सगळ्या विकींच्या सामायिक साइटवरचं, सदस्य पान, स्थानिक पान नसेल तिथे, सगळ्या विकींवर दिसतं. ते तुमच्याकडे नाहीच, तर वगळणार काय?)

आता अवघड भाग

उरतात ती मधली पानं. खातं दोन दिवसांचं, लेखांत एकही संपादन नाही, आणि सदस्य पानावर स्वतःची भरघोस स्तुती.

असंच एक पान मी ‘जाहिरात’ म्हणून वगळलं होतं. एका निवृत्त भूमापकाचं. किती वर्षं सेवा, कोणकोणत्या पदांवर, कुठे कुठे गौरव, शेवटी स्वतःच्या साइटचा दुवा. वीस सेकंदही दिले नसतील मी त्याला. काही महिन्यांनी जुन्या नोंदी चाळताना ते वगळलेलं पान पुन्हा उघडलं आणि पहिल्यांदाच तळापर्यंत वाचलं. दुव्याच्या खाली एक ओळ होती: ‘जमीन मोजण्याच्या जुन्या एककांवर इथे लेख दिसला नाही. मी लिहू शकतो, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.’ पान परत आणलं, माफी मागितली, सुरुवात कुठून करायची तेही सविस्तर लिहिलं. उत्तर आलं नाही.

तेव्हापासून मी पान खालून वर वाचतो. नवखा माणूस वर बायोडेटा लिहितो, कारण अनोळखी लोकांना स्वतःची ओळख करून द्यायची ती एकच पद्धत त्याला येते, नोकरीच्या अर्जातली. मनातलं तो शेवटी लिहितो.

दुसरं, पान कोणाशी बोलतंय ते बघा. ‘आम्ही आपल्या सेवेस तत्पर आहोत, आजच संपर्क साधा’ हे गिऱ्हाइकाशी बोलणं झालं. ‘मी तीस वर्षं हे काम केलं’ हे सहकाऱ्यांशी बोलणं आहे, त्याला बढाईचा वास असला तरी. बढाई म्हणजे जाहिरात नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर जाहिरात म्हणून झटपट वगळायची अटसुद्धा कडक आहे: पान निव्वळ प्रचारासाठीच असावं आणि मुळापासून नव्यानं लिहिल्याशिवाय सुधारण्यासारखं नसावं. दुवा आणि फोन मनातल्या मनात खोडून पाहा. मागे माणूस उरत असेल, तर फक्त दुवा काढा आणि का काढला ते बदलाच्या सारांशात लिहा. काहीच उरत नसेल, तर पान जाऊ द्या.

तिसरी कसोटी लोकांना आवडत नाही. शेजारच्या टॅबमध्ये एखाद्या दहा वर्षं जुन्या सदस्याचं पान उघडा. तिथे मांजराचे फोटो असतात, मिळालेल्या पदकांची रांग असते, स्वतःच्या कविता असतात, ब्लॉगचा दुवाही असतो. जुन्याला चालतं ते नव्याला का चालू नये? ‘त्यांचं योगदान आहे’ हे उत्तर काही अंशी खरं आहे. पण योगदानाला वेळ लागतो, आणि तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी दार लावताय.

आणि कंपनीवरचा अख्खा लेख सदस्य पानावर? त्यात दरवेळी लबाडी नसते. इंग्रजी विकिपीडियावर २०१८ पासून, खातं ४ दिवसांचं होऊन १० संपादनं झाल्याशिवाय नवा लेख थेट तयार करता येत नाही. जिथे लिहिता आलं तिथे बिचाऱ्यानं लिहिलं.

हलवा

असा लेखाचा मसुदा सुधारण्यासारखा असेल तर त्या सदस्याच्या धूळपाटीत, म्हणजे सरावाच्या पानावर, हलवा. हलवताना ‘सोबतचे चर्चा पान हलवा’ या चौकटीतली खूण काढा, नाहीतर त्या चर्चा पानावर सदस्याला आलेले संदेशही मसुद्यामागोमाग जातात.

निरोप

‘तुमचे पान धोरणाचे उल्लंघन करते’ असा लाल त्रिकोणवाला साचा, म्हणजे तयार छापील मजकूर, नवख्याच्या चर्चा पानावर पहिला निरोप म्हणून डकवू नका. साचे यंत्रांसाठी ठेवा, माणसाला हातानं लिहा. मी साधारण असं लिहितो:

‘नमस्कार. तुमच्या सदस्य पानावरचा मसुदा तुमच्या धूळपाटीत हलवला आहे, दुवा खाली आहे. काहीही पुसलेलं नाही. सदस्य पानावर स्वतःबद्दल आणि इथे काय लिहायचं आहे त्याबद्दल चार ओळी जरूर लिहा. या कंपनीत काम करत असाल तर तेही तिथेच सांगा. लिहिण्याचे पैसे मिळत असतील तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे. अडलं तर इथेच विचारा.’

‘काहीही पुसलेलं नाही’ हे वाक्य गाळू नका. पान दिसेनासं झालं की माणूस घाबरतो, मग तोच मजकूर पुन्हा चढवतो, मग आपण त्याला हट्टी ठरवतो आणि रोखतो. पैशांची अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून आहे. ती आरोपाच्या सुरात सांगू नका, नुसती सांगा.

निरोप धाडला की पान पहाऱ्याच्या सूचीत (वॉचलिस्टमध्ये) टाका आणि आठवडाभर हात लावू नका. मजकूर पुन्हा चढला तर एकदा हातानं समजावा. त्यानंतरही चढला, तर वगळायचं की नाही ते दुसऱ्या प्रचालकावर सोपवा. तोवर तुम्हाला त्या खात्याचा राग आलेला असतो, आणि तो आलेला आपल्याला सहसा कळत नाही.