रेस्क्यू केलेल्या कुत्र्याची किडनी गेली म्हणतात, आता घरी काय काय करायचं

रिपोर्टवर क्रिएटिनीन (किडनीने बाहेर टाकायची रक्तातली घाण, किडनी बसली की हा आकडा चढतो) ६-७ असं काहीतरी येतं, व्हेट म्हणतात किडनी फेल्युअर आहे, आणि कुत्रं रस्त्यावरून उचलून आणलेलं असेल तर आजूबाजूचे लगेच सुरू होतात की कशाला एवढा खर्च, सोडून द्या आता. त्या दिवशी काहीही ठरवू नका. आधी डॉक्टरांना एवढंच विचारा, की हे अचानक झालंय का जुनं आहे? कारण दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा जंतूंचा आजार), विषबाधा, गर्भाशयात पू होणं, लघवी तुंबणं, उन्हाचा तडाखा यातून किडनी अचानक बसते, आणि अशा वेळी दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन, कारणावर औषध असं वेळेत झालं तर बरीच कुत्री पूर्ण बरी होतात. जुन्या आजारात गेलेली किडनी परत येत नाही, पण उरलेल्या किडनीवर कुत्रं काही महिने, कधीकधी काही वर्षंसुद्धा मजेत काढतं.

घरच्या कुत्र्याची हिस्ट्री असते, रेस्क्यूची नसते, त्यामुळे सोनोग्राफी टाळू नका, जुन्या आजारात किडन्या बहुतेक वेळा लहान आणि ओबडधोबड दिसतात. आणि जिथून उचललं तिथे एक चक्कर मारा. चहाच्या टपरीवाल्या काकांना, रोज पोळी घालणाऱ्या मावशींना विचारा, पाणी फार प्यायचं का, कधीपासून वाळत चाललंय, कोणी घुशी-उंदरांचं औषध टाकलं होतं का. या माणसांना जे माहिती असतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतं.

आता आकड्यांबद्दल. व्हेट किडनीच्या जुन्या आजाराच्या ज्या आयरिस स्टेज (पायऱ्या) सांगतात त्यात कुत्र्यांसाठी क्रिएटिनीन १.४ च्या आत पहिली, २.८ पर्यंत दुसरी, ५ पर्यंत तिसरी आणि ५ च्या वर चौथी. पण ही स्टेज अंगात पाणी नीट भरल्यावरच ठरवायची असते. रस्त्यावरून आलेलं कुत्रं सुकलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि उलट फार हडकुळं असेल तर स्नायूच नसल्यामुळे क्रिएटिनीन कमी दिसून फसवतं, तिथे एसडीएमए नावाची रक्ताची टेस्ट उपयोगी पडते. ब्लडमध्ये फॉस्फरस, पोटॅशियम आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघाच, लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती घट्ट आहे) आणि प्रोटीन-क्रिएटिनीन रेशो (लघवीतून किती प्रोटीन जातंय), बीपी, आणि आपल्याकडे टिक फिव्हर आणि लेप्टोची टेस्ट. गोचिडांचा ताप अंगात मुरला की किडनीच्या गाळण्या खराब होऊन लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना गोचिड तर असतातच. लघवीचं सँपल घ्यायला जुना डाव एका काठीला बांधा आणि सकाळी पहिल्यांदा बाहेर नेल्यावर मागून हळूच पुढे सरकवा, डाव आधी गरम पाण्याने स्वच्छ धुवून कोरडा केलेला पाहिजे.

लेप्टोचा संशय असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर लघवीला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, फरशी ब्लीचने पुसायची, घरात लहान मुलं असतील तर रिपोर्ट येईपर्यंत लांब ठेवायची, आणि घरात कोणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याचं आधी सांगायचं. हा आजार माणसाला होतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायचीये. कुत्रं खात नाही म्हणून सगळे नवनवीन खायला आणत बसतात, पण ते खात नाही कारण त्याला मळमळतंय. किडनी काम करत नसली की रक्तात घाण साठते, तोंडात फोड येतात. ओठ चाटत राहणं, लाळ गळणं, ताटलीजवळ जाऊन वास घेऊन मान फिरवणं, गवत खाणं, तोंडाला अमोनियासारखा वास, ही सगळी मळमळीची लक्षणं. आमची राणी तर ताटली दिसली की उठून पलंगाखाली जायची आणि तिथून नुसती बघत राहायची, भूक लागलेली दिसायची पण जवळ यायची नाही. मॅरोपिटंट हे मळमळीचं औषध सुरू झाल्यावर तीच राणी किचनच्या दारात येऊन बसायला लागली. तेव्हा आधी मळमळ थांबवायचं औषध मागा, मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, डोस डॉक्टरच वजनावर ठरवतील, गरज वाटली तर ॲसिडचं आणि भूक लागायचं औषधही देतील, आणि मग खाण्याकडे वळा. मळमळत असताना किडनीचं नवीन खाणं पुढे केलं ना तर कुत्रं ते खाणं आणि ती मळमळ एकत्र जोडतं आणि मग जन्मात त्याला तोंड लावत नाही. दवाखान्यात ॲडमिट असताना तर नवीन खाणं सुरूच करू नका. घरी आल्यावर, जरा टवटवीत झाल्यावर, जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदला.

किडनीचं तयार खाणं परवडत असेल तर तेच सगळ्यात चांगलं, रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना यांचं मिळतं, ड्राय दिलं तर कोमट पाण्यात भिजवून द्या. परवडत नसेल तर घरी पांढरा भात, उकडलेल्या अंड्याचं पांढरं, दुधी, लाल भोपळा, थोडं चिकन उकडून ते पाणी टाकून देऊन. यावर दिवस निघतात, पण महिनोन्महिने फक्त हेच द्यायचं असेल तर व्हेटकडून प्रमाण लिहून घ्या, नाहीतर कॅल्शियम आणि बाकीच्या गोष्टी कमी पडतात. प्रोटीन पूर्ण बंद करू नका, कुत्रं स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं. खरा शत्रू फॉस्फरस आहे. म्हणून हाडं, पायाचं सूप, कलेजी, सुकट, अंड्यातला पिवळा बलक, दूध-पनीर, च्यू स्टिक हे बंद. पायाचं सूप ताकद येईल म्हणून लोक अगदी प्रेमाने आणून देतात, त्यांना शांतपणे समजावून सांगा. खाणं बदलूनही फॉस्फरस उतरला नाही तर फॉस्फेट बाइंडर (खाण्यातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारं औषध) देतात, ते जेवणातच कालवायचं असतं, रिकाम्या पोटी दिलं तर काहीच उपयोग नाही. नारळपाणी चांगलं म्हणून देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि शेवटच्या स्टेजला पोटॅशियम आधीच चढलेलं असू शकतं, ते हृदयावर जातं.

पण हेही सांगते, चौथ्या स्टेजचं कुत्रं चार दिवस उपाशी असेल आणि अचानक साधं चिकन-भात खायला तयार झालं तर द्या. उपाशी राहण्यापेक्षा चुकीचं खाल्लेलं बरं.

पाणी कधीच तोडायचं नाही. ही कुत्री खूप पितात आणि खूप मुततात कारण किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, घरात घाण होते म्हणून भांडं उचललं तर एका रात्रीत तब्येत कोसळू शकते. दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा, रात्री झोपताना एकदा आणि पहाटे एकदा बाहेर न्या, बाल्कनीत पेपर घाला, आणि लिफ्टमध्ये झालं तर पुसायला पिशवीत कापड ठेवा.

आता घरी सलाईन द्यायचं. हे ऐकून सगळे घाबरतात पण एकदा डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने केलं की जमतं. शिरेतून नाही, कातडीखाली द्यायचं असतं. किती एमएल आणि आठवड्यातून किती वेळा ते डॉक्टर सांगतील, हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला त्यांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. लागतं काय, तर आरएलची (रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन) ५०० एमएलची बाटली, आयव्ही सेट (सलाईनची नळी), १८ किंवा २० नंबरची सुई, दरवेळी नवीन. डेक्स्ट्रोजवालं (साखरेचं) सलाईन यासाठी आणू नका. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत थोडा वेळ ठेवा, मनगटावर थेंब टाकून बघा, गार सलाईनने कुत्रं शहारतं आणि पुढच्या वेळी पळून जातं. बाटली खिडकीच्या ग्रिलला उंच टांगा, नळीतली हवा काढा, कुठपर्यंत द्यायचंय तिथे आधीच मार्करने रेघ मारा. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी होते, त्याच्या पायथ्याशी पाठीला समांतर सुई आत घाला, नळीवरचं चाक सोडा. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आलीये, थोडी मागे घ्या. थेंब थांबले तर सुई जरा फिरवा. झाल्यावर चाक बंद, सुई काढून ते भोक एक-दोन मिनिटं चिमटीत दाबून धरा. पाठीवर टेंगूळ येतं, ते खाली एका पायाकडे उतरतं, आणि काही तासांत जिरतं. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर पुढचं सलाईन न देता फोन करा. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर जायला लागला, खोकला सुरू झाला, तरी थांबायचं आणि लगेच दाखवायचं.

रेस्क्यू कुत्र्याचा प्रश्न सुईचा कमी आणि धरण्याचा जास्त असतो. जाळीत किंवा फासात पकडलेलं कुत्रं कोणी वरून वाकलं की थिजतं नाहीतर चावतं. त्याला दाबून धरू नका. खाली चटईवर त्याच्या बाजूला बसा, समोरून नाही. सलाईनची जागा ठरलेली ठेवा आणि ती त्याच्या झोपायच्या जागेपासून लांब असू दे, म्हणजे अंथरूण तरी त्याला सुरक्षित वाटेल. सुरुवातीचे काही दिवस फक्त चटई, चिमटीत कातडी, आणि अंड्याच्या पांढऱ्याचा तुकडा, सुई नाहीच, अर्थात डॉक्टर तेवढं थांबलं तरी चालेल म्हणाले तरच, नाहीतर तेवढे दिवस दवाखान्यात देऊन आणा. चावायची भीती असेल तर मझल (तोंडाला बांधायची जाळी) घाला, त्यात कमीपणा काही नाही, पण उलटी होत असताना मझल नको.

पेनकिलर घरातलं कुठलंच द्यायचं नाही, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांनी धडधाकट कुत्र्याचीही किडनी जाते. जखमेसाठी दुसऱ्या कोणी डॉक्टरने जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक्स लिहिली तर किडनीचं आधी सांगा. द्राक्षं, मनुका लांब ठेवा. बीपी १६० च्या वर राहत असेल तर त्याचं औषध लागतं, लघवीत प्रोटीन असेल तर वेगळं, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर रक्त वाढवायची इंजेक्शनं असतात, हे सगळं व्हेट बघतील. डायलिसिस आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होतं, चेन्नईच्या मद्रास व्हेटर्नरी कॉलेजात होतं, पण त्याचा फायदा मुख्यतः अचानक बसलेल्या किडनीला.

रोज वहीत लिहा, किती खाल्लं, किती पाणी, उलटी, शी, मूड. आठवड्यातून एकदा वजन, कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. वॉचमन काकांनाही सांगून ठेवा की बिस्कीट देऊ नका, आणि देणारच असतील तर त्यांच्या हातात तुम्हीच दुधीचे उकडलेले तुकडे देऊन ठेवा, प्रेम करणाऱ्याचा हात अडवायचा नाही.

औषधं चालू असूनही सतत उलट्या, तोंडातले फोड, उठता न येणं, फिट्स, आणि तुम्ही घरी आल्यावरही मान न उचलणं असं दिवसामागून दिवस व्हायला लागलं तर डॉक्टरांशी शांत झोप देण्याबद्दल बोला, त्यांना सरळ विचारा की हे तुमचं कुत्रं असतं तर काय केलं असतं. शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवा. आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, मग त्याला दुसरं, शेवटचं इंजेक्शन कळत नाही.

नंतर उरलेल्या सील न फोडलेल्या आरएलच्या बाटल्या, गोळ्यांची पाकिटं आणि किडनीचं खाणं तारीख बघून रेस्क्यू ग्रुपवर टाका, कोणाला तरी त्याच आठवड्यात लागतंच. वापरलेल्या सुया मात्र घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून दवाखान्यात नेऊन द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसतात.