मर्जर झालं म्हणून गाडी बिघडत नाही आणि सुधारतही नाही, मग भरवसा कसा तपासायचा

दोन कार कंपन्या एकत्र आल्याची बातमी आली की लगेच दोन मतं कानावर पडतात. एक, "संपली आता ती कंपनी, क्वालिटी गेली". दुसरं, "मोठ्या ग्रुपची झाली ना, मग डोळे झाकून घे". दोन्ही मतं बॉनेट न उघडता दिलेली असतात. नवीन असो की सेकंडहँड, गाडी घेताना ग्रुपचं नाव बाजूला ठेवून काय बघायचं ते सांगतो.

पहिल्यांदा तारखा जुळवा. मर्जरच्या सह्या एका दिवसात होतात पण नवीन मॉडेल तयार व्हायला चार-पाच वर्षं सहज जातात, त्यामुळे सह्या झाल्यावर बराच काळ शोरूममधे जे उभं असतं ते जुन्याच इंजिनिअर लोकांचं काम असतं, चांगलं असो की वाईट. म्हणून मर्जर कधी झालं यापेक्षा तुम्ही बघताय त्या मॉडेलची ही जनरेशन कधी आली आणि ती कोणाच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे खालच्या मूळ सांगाड्यावर, आहे हे शोधा. ओपेल कोर्साचंच घ्या. २०१७ मधे पीएसएने, म्हणजे पूजो-सिट्रोएनवाल्यांनी, अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून, म्हणजे जीएमकडून, जर्मनीची ओपेल विकत घेतली. तोपर्यंत पुढच्या कोर्साचं काम जीएमच्या प्लॅटफॉर्मवर बरंच पुढे गेलं होतं, ते बाजूला ठेवून गाडी घाईघाईने पूजो २०८ च्या प्लॅटफॉर्मवर नव्याने केली आणि २०१९ मधे आणली. म्हणजे २०१८ ची कोर्सा आणि २०२० ची कोर्सा यांचं नाव आणि लोगो तोच, पण आतून दोघींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. "माझी कोर्सा दहा वर्षं छान चालली" असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या सालची?

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन आणि गिअरबॉक्सचा कोड शोधा. ब्रँड नाही, कोड. कारण मर्जरचं सगळं गणितच पार्ट शेअर करण्यावर चालतं, एक इंजिन दहा मॉडेलमधे गेलं की खर्च वाटला जातो, आणि त्याच हिशोबाने एक खोटही दहा मॉडेलमधे जाते. पीएसएचं १.२ लिटरचं प्युअरटेक पेट्रोल इंजिन घ्या, त्याला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयरमधे त्याच्या गटात लागोपाठ काही वर्षं अवॉर्ड मिळालं, आणि त्याच इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमधे बुडून फिरतो. तो बेल्ट वेळेआधीच झिजायला लागला, त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकून ऑइलचं प्रेशर पडायला लागलं. पूजो, सिट्रोएन, त्यांचाच महागडा ब्रँड डीएस, ओपेल, सगळीकडे तेच इंजिन. शेवटी स्टेलांटिसने, म्हणजे पीएसए आणि फियाट-क्रायस्लर एकत्र येऊन झालेल्या ग्रुपने, युरोपात या इंजिनाची वॉरंटी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली, अर्थात सर्व्हिसिंग वेळापत्रकाप्रमाणे झालेलं असेल तरच. नंतरच्या नव्या आवृत्तीत बेल्ट काढून चेन टाकली, म्हणजे "प्युअरटेक वाईट" एवढं म्हणूनही भागत नाही, कुठलं प्युअरटेक ते बघावं लागतं.

अशी गाडी सेकंडहँड बघत असाल तर जुन्या बेल्टवाल्या इंजिनात ऑइल भरायचं झाकण उघडलं की खाली बेल्ट दिसतो. टॉर्च मारून बघा. पाठीवर बारीक भेगा किंवा कडेने सुटलेले धागे दिसले तर पुढे बोलणी करू नका. मेकॅनिककडे बेल्टची रुंदी मोजायचं छोटं गेज असतं, ऑइलने फुगलेला बेल्ट त्यात बसत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि मर्जरवरच्या सगळ्या चर्चा वाचून कळत नाही ते इथे कळतं.

बॉनेट उघडलंच आहे तर पार्टवरचे शिक्केही वाचा. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाडीत, मग ती स्कोडा असो की सेआत, प्लास्टिकच्या आणि कास्टिंगच्या कितीतरी पार्टवर फोक्सवॅगनचा गोल आणि ऑडीच्या चार रिंगा शेजारी-शेजारी उमटवलेल्या असतात. बाहेर बॅज वेगळा, आत खानदान एकच.

तिसरं म्हणजे कारखाना. व्हीआयएन म्हणजे चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, पहिल्या तीन अक्षरांतून कोणी बनवली ते कळतं, आणि बऱ्याच कंपन्या अकराव्या जागी कारखान्याचा कोड टाकतात. हे बघायचं का, तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला टोयोटा आणि जीएम यांनी १९८४ मधे न्यूमी नावाचा भागीदारीतला कारखाना सुरू केला, तिथे टोयोटा कोरोला आणि जीएमची प्रिझम एकाच लाइनवर, त्याच कामगारांच्या हातून तयार व्हायच्या, यांत्रिकदृष्ट्या जवळपास जुळ्या बहिणी. तरी सेकंडहँड बाजारात कोरोलाला जास्त भाव यायचा. ज्याला हे माहीत होतं त्याने प्रिझम घेऊन पैसे वाचवले. लोकांचं मत आणि गाडी यांच्यातली ही फट तुमच्या फायद्याची असते, फक्त गाडी खरंच जुळी आहे याची खात्री करून घ्या, नुसतं "तीच गाडी आहे हो" या सेल्समनच्या शब्दावर जाऊ नका.

मत मागे रेंगाळतं ते दोन्ही दिशांनी. १९९१ मधे फोक्सवॅगन स्कोडात आली, १९९६ ची ऑक्टाव्हिया तर गोल्फच्याच प्लॅटफॉर्मवर होती, तरी स्कोडाच्या क्वालिटीवरचे जोक पुढे कितीतरी वर्षं चालूच होते. उलट बाजूला ह्युंदाई बघा, १९९८ मधे किया घेतली, अमेरिकेत १० वर्षांची पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सची, वॉरंटी देऊन नाव कमावलं, आणि नाव चांगलं झालेलं असतानाच दोघांत वापरलेल्या थीटा टू इंजिनावरून २०१५ मधे ह्युंदाईच्या आणि २०१७ मधे कियाच्याही गाड्यांचे रिकॉल सुरू झाले, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या. म्हणून रिकॉल शोधताना भावंडाच्या नावानेही शोधा, किया घेत असाल तर त्याच इंजिनाची ह्युंदाई सुद्धा.

सर्वे वाचताना गाडीचं वय बघा, बाकी आकडे नंतर. जे.डी. पॉवर या अमेरिकन सर्वे कंपनीचा इनिशियल क्वालिटीवाला सर्वे गाडी घेतल्यावर पहिल्या ९० दिवसांचा असतो, त्यात ब्लूटूथ जोडलं जात नाही ही पण तक्रार धरतात, तर त्यांचाच डिपेंडेबिलिटीवाला तीन वर्षं जुन्या गाड्यांवर असतो. जर्मनीत गाड्यांची सक्तीची तपासणी करणाऱ्या ट्यूफचा रिपोर्ट खऱ्या तपासणीत काय सापडलं त्यावर निघतो आणि एडीएसी हा तिथला मोटार क्लब रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजतो. म्हणजे आजचा चांगला रँक तीन-चार वर्षांपूर्वीच्या गाडीचा असू शकतो, कदाचित मर्जरच्या आधीच्या. आणि ब्रँडच्या सरासरीवर तर अजिबात थांबू नका, मॉडेलचं पान उघडा.

राहिलं पार्टचं. ग्रुपमधे ब्रँड जास्त झाले की एखादा बंद होतो, स्टेलांटिस तर १४ ब्रँड घेऊनच सुरू झाली. जीएमने सोडल्यावर स्वीडनची कार कंपनी साब २०११ मधे दिवाळखोरीत गेली. अशा डळमळीत ब्रँडची गाडी स्वस्त मिळत असेल तर तिचं इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन कुठल्या चालू मॉडेलमधे आहे ते पार्ट नंबरवरून बघून घ्या. जुळत असेल तर ही चालणारी घोडी आहे. अडतं ते हेडलाइट, काचा, बंपर, दाराचे रबर असल्या फक्त त्याच मॉडेलला बसणाऱ्या वस्तूंवर, म्हणून टोकन देण्याआधी त्या मॉडेलचा एक हेडलाइट आज कुठे मिळतो आणि किती दिवसांत येतो एवढं पार्टवाल्याला फोन करून विचारा.