पत्रक बघवत का नाही? चित्रकलेची मूलतत्त्वं प्रत्यक्ष कामाला लावायची कशी

शाळेत चित्रकलेच्या तासाला रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश ही यादी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मग तोल, लय, प्रमाण, विरोध, उठाव अशी दुसरी यादी येते, आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांनी तर त्यावर संकल्पचित्रंसुद्धा केलेली असतात. पण पुढे कधीतरी सोसायटीच्या गणपतीचं पत्रक करायची वेळ येते आणि दोन्ही याद्या डोक्यातून गायब, मग कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप उघडायचं, जे पहिलं भगवं टेम्प्लेट दिसेल त्यात कमिटीने पाठवलेला सगळा मजकूर कोंबायचा आणि ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं. आणि खाली लगेच प्रश्न, "आरती किती वाजता आहे?" अहो लिहिलंय की त्यात! लिहिलेलं असतं, दिसलेलं नसतं.

तर ही सगळी तत्त्वं माझ्या मते एकाच कामासाठी आहेत, बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, मग कुठे आणि शेवटी कुठे टेकेल हे आपण ठरवायचं. एवढं धरून चाललात तर व्याख्या पाठ नसल्या तरी चालतं. आपण ते गणपतीचं पत्रकच उदाहरण म्हणून घेऊ.

सगळ्यात आधी कुठलंही ॲप उघडू नका. कागदावर किंवा नोट्समध्ये सगळा मजकूर साधा लिहून काढा आणि प्रत्येक ओळीला १, २, ३ असे नंबर द्या. १ म्हणजे हे दिसलं नाही तर पत्रक फुकट. सोसायटीत राहणाऱ्याला काय हवं असतं, कुठला कार्यक्रम, कुठल्या दिवशी, किती वाजता. जागा बहुतेक वेळा सगळ्यांना माहीतच असते, क्लबहाउस नाहीतर पार्किंग, म्हणून ती ३ नंबरला. पदाधिकाऱ्यांची नावं ४ नंबरला, आणि इथेच खरी लढाई असते कारण प्रत्येकाला आपलं नाव बोल्डमध्ये हवं असतं. ही लढाई ॲप उघडायच्या आधी लढा, नंतर फार उशीर होतो.

आता उठाव. मोठी गोष्ट आधी दिसते, हे कुणाला सांगायला नको. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणि आठवा, भिंतीवर केवढी गर्दी आहे, पण तो आजूबाजूच्या आकृत्यांपेक्षा कितीतरी मोठा काढलाय, त्यामुळे आत शिरल्यावर नजर थेट त्याच्यावर जाते आणि बाकीची माणसं, झाडं, प्राणी मग सावकाश सापडत जातात. पत्रकात नेमकं हेच करायचं. लोक काय करतात तर मथळा १८ पॉइंटचा (ॲपमधला अक्षरांच्या आकाराचा आकडा), तारीख १६ची, बाकीचं १४चं, आणि म्हणतात फरक ठेवलाय ना. हा फरक डोळ्याला कळतच नाही, उलट चुकून झालाय असं वाटतं. ए-फोर कागदावर साधा मजकूर १२चा असेल तर तारीख-वेळ २४ची करा आणि मथळा ४०चा बिनधास्त करा. फरक करायचा तर दिसेल असा करा, नाहीतर करूच नका.

मग डोळे किलकिले करून बघा. जुनी युक्ती आहे, चित्रकार लोक मॉडेलकडे किंवा स्वतःच्या चित्राकडे असंच बघतात, बारीकसारीक तपशील पुसट होतो आणि फक्त मोठे गडद-फिके आकार उरतात. पत्रकाकडे असं बघितल्यावर काय उरतंय? गणपतीचा फोटो आणि एक तारखेचा ठोकळा उरला तर काम झालं, सगळीकडे सारखीच करडी गिचमिड दिसली तर परत मागच्या पायरीवर जा. फोनवर असाल तर स्क्रीन हातभर लांब धरली तरी चालेल.

पुढची गोष्ट माझ्या मते सगळ्यात जास्त फायद्याची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी, जवळीक. माक्स वर्टहाइमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली यावर लिहिलं होतं, नुसते ठिपके घेऊन, की जवळजवळ असलेल्या गोष्टी आपला डोळा आपोआप एक गट म्हणून बघतो, सांगावं लागत नाही. आता पत्रक बघा. "चित्रकला स्पर्धा", खाली वेळ, खाली वयोगट, मग "महाप्रसाद", खाली वेळ, आणि सगळ्या ओळींमध्ये अंतर अगदी सारखं, त्यामुळे संध्याकाळी ७ ची वेळ स्पर्धेची की महाप्रसादाची हे वाचणाऱ्याने ओळखायचं. एका कार्यक्रमाच्या ओळी एकमेकींना चिकटवा आणि पुढच्या कार्यक्रमाच्या आधी दुप्पट मोकळी जागा सोडा, बस. चौकटी, रेघा, फुलांच्या वेली, प्रत्येक ओळीआधी स्वस्तिक, यातलं काहीही मग लागत नाही. निम्म्या चौकटी लोक अंतर नीट न ठेवल्यामुळेच काढतात.

तोल म्हटलं की आपल्याला सेंटर अलाइन आठवतं. डावं-उजवं सारखं, म्हणजे सममिती, ठिपक्यांच्या रांगोळीत असते तशी. ती शांत आणि मंगल वाटते म्हणून लग्नपत्रिकेत शोभते, काही चूक नाही त्यात. पण दहा-बारा ओळींचं वेळापत्रक सेंटर केलं की प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी सुरू होते आणि नजरेला दर वेळी सुरुवात शोधावी लागते. वेळापत्रक डावीकडून एका रेषेत लावा. मग उजवीकडे रिकामं वाटतं आणि कमिटीतलं कुणीतरी म्हणतंच की इथे एक मोर टाका. टाकू नका. डावीकडे मजकुराचा मोठा ठोकळा आणि उजवीकडे खाली एकच गडद चित्र, हाही तोलच आहे, छोटी गडद गोष्ट मोठ्या फिक्या गोष्टीला सावरून धरू शकते. आणि हो, सुवर्णगुणोत्तराचं (साधारण १ ला १.६ या प्रमाणाचं) ते गोगलगायीसारखं वेटोळं कुठल्याही फोटोवर ठेवून दाखवणारे व्हिडिओ असतात ना, ते करमणूक म्हणून बघा, पत्रक करताना विसरून जा.

रंगांवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त वाट इथे लागते. लोक रंग निवडताना लाल, हिरवा, निळा एवढंच बघतात, पण वाचता येणं हे रंगापेक्षा त्याच्या छटेवर, म्हणजे तो किती गडद किती फिका यावर ठरतं. लाल पट्टीवर हिरवी अक्षरं, दोन्ही भडक, दोन्ही सारखीच गडद, आणि कडा नुसत्या थरथरल्यासारख्या दिसतात. पिवळी अक्षरं पांढऱ्यावर तर दिसतच नाहीत. याची परीक्षा एकदम सोपी आहे, पत्रकाचा स्क्रीनशॉट काढा आणि फोनच्या फोटो एडिटरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा. अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली तर रंगजोडी रद्द, कितीही आवडती असली तरी.

कमी रंगात काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर वारली चित्र समोर ठेवा. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, झालं सामान. आकार म्हणाल तर त्रिकोण, गोल, चौकोन, आणि माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पण गडद भुईवर पांढरं, त्यामुळे विरोध इतका पक्का की लांबूनही प्रत्येक आकृती कळते, आणि तारपा नाचात तीच आकृती परत परत वेटोळ्यात येत राहते तेव्हा ते चित्र हलतंय असं वाटतं. लय म्हणतात ती हीच. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं नेटवर मोठी करून बघा, हजार बारीक गोष्टी आहेत पण गिचमिड कुठेच नाही. तुमच्या पत्रकासाठी याचा अर्थ असा की एक गडद, एक फिका आणि लक्ष वेधायला एक तिसरा रंग, तोही फक्त १ नंबरच्या मजकुराला. मथळा एका रंगात, तारीख दुसऱ्या, नावं तिसऱ्या असं केलंत तर तिसऱ्या रंगाचं काम संपलं.

रिकाम्या जागेबद्दल थोडक्यात. ती वाया गेलेली जागा नसते, तिलाही आकार असतो. स्टेट बँकेचं बोधचिन्ह शेखर कामत यांनी केलं, १९७१ पासून चालू आहे, निळा गोल आणि त्यात किल्लीच्या छिद्रासारखी मोकळी जागा. ती मोकळी जागा बुजवली तर उरतो फक्त निळा ठिपका. पत्रकाच्या चारही बाजूंना निदान बोटभर समास सोडा आणि त्यात प्रायोजकाचा लोगो घुसू देऊ नका.

आता देवनागरीचं, कारण डिझाइनचे बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले असतात आणि ते आपल्याकडे तसेच्या तसे चालत नाहीत. आपल्या अक्षरांना वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा जो स्लायडर असतो त्याला हातसुद्धा लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जागेत बसवायला अक्षरं आडवी ताणणं किंवा चेपणं हाही गुन्हाच, उभ्या आणि आडव्या रेषांच्या जाडीचं नातं बिघडतं, त्यापेक्षा मजकूर कमी करा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं सुटी पडत असतील, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जात असेल तर सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. फॉन्ट दोनच वापरा, एक मथळ्याला, एक मजकुराला. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत, मजकुराला मुक्त घ्या, मथळ्याला बलू, आणि गणपतीच आहे तर मोदक नावाचा गुबगुबीत फॉन्टसुद्धा मस्त बसतो, पण दोन-तीन शब्दांपुरताच, त्यात अख्खं वेळापत्रक लिहिलं तर वाचणारा दमेल. मंगल हा सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला फॉन्ट आहे, पण तो स्क्रीनवर लहान आकारात वाचण्यासाठी, बॅनरवर फुगवायला नाही. कमिटीने मजकूर श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करून पाठवला असेल तर तो कॉपी-पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड दिसेल, घाबरू नका, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मराठीत, बदलून घ्या.

अक्षरं हीच चित्र होऊ शकतात हे बघायचं असेल तर कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधा. एकेक नाव दहा मिनिटं बघा आणि स्वतःला विचारा, जाडी कुठे आहे, मोकळी जागा कुठे आहे, नजर पहिली कुठे गेली. शंभर टेम्प्लेटं चाळण्यापेक्षा हे जास्त शिकवतं.

गेटवर फ्लेक्स लावायचा असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा, साइनबोर्डवाल्यांचा ढोबळ अंदाज असा की दर १० फूट अंतराला अक्षराची उंची १ इंच. म्हणजे रस्त्यापलीकडून, ५० फुटांवरून वाचलं जावं असं वाटत असेल तर अक्षर ५ इंचांचं हवं, आणि तेही शिरोरेषेपासून खालपर्यंत, मात्रा वेगळ्या. या हिशोबाने १० बाय ६ फुटांच्या फ्लेक्सवर वीस पदाधिकाऱ्यांचे फोटो टाकून तारखेला किती जागा उरते ते तुम्हीच मांडून बघा.

स्क्रीनवर चमकणारा पोपटी आणि झगझगीत निळा छापल्यावर मळकट येतो, कारण स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते आणि छपाई शाईने, तेव्हा मोठी प्रिंट काढण्याआधी एक छोटा नमुना मागा. छोट्या कार्डासाठी प्रत्यक्ष मापाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा, फ्लेक्सला त्याहून बरंच कमी चालतं, लांबून बघायचं असतं. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा, नाहीतर ते दाबून छोटं करतं आणि १२ची अक्षरं पुसट होतात. ग्रुपवर टाकायच्या आधी एखाद्या आजींना नाहीतर आजोबांना चष्म्यासकट दाखवा आणि विचारा, आरती किती वाजता आहे. तीन सेकंदांत उत्तर आलं तर पाठवून द्या.