समुद्राकाठच्या घराचा गिलावा : या चुका टाळा

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत दोन पावसाळ्यांतच सोलवटली. आधी रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, आणि चतुर्थीला पाहुणे जमले तेव्हा आतला चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा पडला होता. "सिमेंट कमी पडलं असणार," जो तो सांगून गेला. खरं तर ते जास्त झालं होतं, आणि तसं करायला मीच सांगितलं होतं.

एक सिमेंट, तीन वाळू असा एकास तीनचा माल कडक होतो खरा, पण सुकताना आकसतोही तितकाच. केसासारख्या भेगा पडतात. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. भेगेतून शिरलेलं पाणी चिरा पितो, आणि बाहेरचा घट्ट थर ते लवकर सुटू देत नाही. पहिला हात, म्हणजे गिलाव्याचा खालचा थर, १२ ते १५ मिमी, वरचा ६ ते ८ मिमी ठेवा, आणि वरचा हात खालच्यापेक्षा कडक कधीच नको. मला विचाराल तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू. चुन्याने माल थापीला लोण्यासारखा लागतो, भेगा कमी पडतात आणि भिंत सुकत राहते. चुन्याचं नाव काढलं की हल्लीचे गवंडी तोंड वाकडं करतात. करू द्या.

दुसरी चूक वाळूची. खाडीची रेती स्वस्त पडते, दारात येऊन पडते. दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या गवंड्याने सुटलेला पोपडा बोटांनी चुरला, चिमूटभर जिभेवर ठेवला आणि थुंकून म्हणाला, "रेती खारट आसा." मीठ हवेतला ओलावा ओढतं, भिंत सुकली की पांढरा लोणा होऊन वर फुटतं आणि गिलाव्याला आतून ढकलतं. सळई जवळ असेल तर तिलाही गंज चढतो. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घेतलीत तर प्लास्टरसाठीची धुतलेली घ्या, खडीची धूळ नको. पाण्याचंही तेच. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी मचूळ होतात. त्याच पाण्याने माल कालवायचा, त्यानेच भिंत भिजवायची, म्हणजे मीठ आपणच भरतो.

मे महिन्यातली घाई हे तर कोकणाचं दुखणंच. मृगाच्या आत घर उरकायचं म्हणून दुपारच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर गिलावा चढतो, वर खारा वारा. संध्याकाळपर्यंत वरचं पाणी उडालेलं. किमान सात दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी मारा, गोणपाट लावा. दिवाळीनंतर काम काढलं तर निम्मी डोकेदुखी वाचते. रंगाला मात्र घाई नको : महिनाभर थांबा. आत ओल असताना जाड वॉटरप्रूफ रंग लावला की फुगे ठरलेले.

काँक्रीटचा बीम आणि चिरा भेटतात तिथे सरळ रेघेत भेग जाते, कारण दोघांचं फुगणं-आकसणं वेगळं. तिथे जाळी लागतेच. लोखंडी जाळीला खारी हवा सोडत नाही, फायबरची वापरा. काँक्रीटला टाचे, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा, मारल्याशिवाय गिलावा धरत नाही, आणि चिऱ्याचे सांधे आधी खरवडून घ्यायचे. खाणीतून नुकताच आलेला ओला चिरा लगेच गिलाव्याखाली दडपू नका. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये या दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिलं ते त्याचे विटांसारखे ठोकळे कापतात म्हणूनच. कापताना मऊ असतो, हवेवर टणक होतो. त्याला तेवढा वेळ द्या.

छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसली तर पाणी वळून भिंतीवरूनच उतरतं. हे काम अर्ध्या दिवसाचं, पण विसरतात सगळे.

आता बिघडलेल्या भिंतीचं. रुपयाचं नाणं घ्या आणि भिंत वाजवत चला. टणटण आवाज आला तर ठीक, डबडब वाजलं तर तिथे गिलावा सुटलेला आहे. खडूने खूण करा, चांगल्या कडेपर्यंत चौकोनात काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर मीठ पुन्हा आत मुरतं. दोन-चार आठवडे भिंत उघडी ठेवा, मगच नवा माल. पोपड्यांवर नुसती पुट्टी ओढून रंग मारणं म्हणजे पुढच्या चतुर्थीची सोय.

चांगला ठोकळ चिरा असेल तर मुळात गिलावा हवाच का, हाही प्रश्न विचारा. जुन्या घरांच्या वाऱ्याकडच्या भिंतींना नारळीच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, विणलेले झाप बांधायचे. आमच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा मी सगळा काढला. यंदा तिला झाप बांधलेत. शेजारचे विचारतात, पैसे संपले काय.