एसी बसला पण भिंतीची वाट लागली, मग मीच पुट्टी लावली

जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट, एप्रिलमध्ये एसी बसवला, पाइपसाठी भोक पाडताना आतल्या बाजूचा तळहाताएवढा गिलावा निघाला आणि फिटिंगवाला म्हणला पेंटरला बोलवा साहेब, झालं!

पेंटर एवढ्याशा कामाला येतोय कुठं. मग आधी पोकळ वाजतंय तेवढं सगळं खरवडून काढलं, सोफ्यावर जुनी चादर टाकली (आपल्याकडं चादरींना काय तोटा), ब्रशने धूळ झाडली आणि भिंत ओली केली. इथंच पहिल्यांदा चुकलो होतो बरं का, कोरड्या भिंतीवर एकदम जाड पुट्टी थापली, इथलं ऊन, भिंत पाणी ओढून घेते, दुसऱ्या दिवशी बारीक तडे. सगळं काढलं. मग खड्डा सिमेंट-वाळूने भरला, दोन-तीन दिवस पाणी मारलं, पूर्ण वाळल्यावर पुट्टीचे दोन पातळ हात. पुट्टी वाटीभरच कालवा, लगेच आवळते.

शेवटी १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. रंग जुन्या डब्यातलाच, तरी डाग दिसतोयच, म्हणून ती अख्खी भिंतच मारली. बायको म्हणते आता बाकीच्या तीन जुन्या दिसतायत.