कंपनीच्या ड्रॉइंगचा बॅकअप: ही जबाबदारी नव्याने अंगावर आलेल्यांसाठी

डिझाइन किंवा डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये नवीन आलेल्या माणसाकडे लवकरच एक काम सरकवले जाते: सर्व्हरवरच्या ड्रॉइंगचा बॅकअप बघणे. फोल्डर कॉपी करता येणाऱ्या कुणालाही ते जमेल असे वाटते. अडचण अशी की ड्रॉइंग ही एकटी फाईल नसते. ऑटोकॅडच्या एका शीटमागे तीन-चार एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग), टायटल ब्लॉक, एसएचएक्स (ऑटोकॅडचे स्वतःचे) फॉन्ट, प्लॉटिंगची म्हणजे प्रिंटमधल्या रेषांची जाडी ठरवणारी सीटीबी फाईल आणि एखादे चित्र असते. सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइन सॉफ्टवेअरच्या असेंब्लीत (अनेक पार्ट जोडून बनलेल्या फाईलमध्ये) मुख्यतः कोणता पार्ट कुठून घ्यायचा आणि कुठे बसवायचा याची नोंद असते. पार्टची भूमिती पार्टच्याच फाईलमध्ये. यातले काहीही मागे राहिले तर बॅकअप घेतलेला असूनही ड्रॉइंग हाती लागत नाही.

म्हणून सुरुवात बॅकअप सॉफ्टवेअरपासून करू नका. आधी कोणती फाईल कुठे पडली आहे याची यादी करा. फॉन्ट आणि सीटीबी बहुतेक ठिकाणी प्रत्येकाच्या संगणकावरच्या सी ड्राइव्हमध्ये असतात आणि सर्व्हरचा बॅकअप तिथवर पोहोचत नाही. मग ड्रॉइंग परत आणल्यावर उघडते खरे, पण फॉन्ट बदललेला, अक्षरांची रुंदी बदललेली, मापे रेषांवर चढलेली, व्यासाच्या चिन्हाजागी प्रश्नचिन्ह. सीटीबी नसेल तर प्रिंटमध्ये जाड-बारीक रेषांचा फरकच उरत नाही. उपाय सोपा आहे: सर्व्हरवर ‘स्टँडर्ड्‌स’ असा एक फोल्डर करा, फॉन्ट, सीटीबी, टेम्प्लेट, ब्लॉक तिथे ठेवा आणि प्रत्येक संगणकावर ऑटोकॅडच्या ऑप्शन्समध्ये सपोर्ट फाईल व प्लॉट स्टाईलचे पाथ तिकडे वळवा.

एक्सरेफचे पाथ रिलेटिव्ह, म्हणजे शीटच्या फोल्डरपासून मोजलेले, असावेत; ड्राइव्हपासून लिहिलेले पूर्ण नकोत. रेफपाथटाईप हे व्हेरिएबल १ केले की नवीन जोडले जाणारे एक्सरेफ तसेच बसतात. जुने मात्र एक्सरेफ पॅलेटमध्ये जाऊन स्वतः बदलावे लागतात. आणि शीट एका ड्राइव्हवर, एक्सरेफ दुसऱ्यावर असेल तर रिलेटिव्ह पाथ बनतच नाही. पूर्ण पाथ ठेवण्यात एक छुपा धोका आहे, त्याबद्दल शेवटी.

रिलीज झालेल्या, म्हणजे वापरासाठी मंजूर करून दिलेल्या संचासाठी ऑटोकॅडमध्ये ईट्रान्स्मिट आणि सॉलिडवर्क्समध्ये पॅक अँड गो वापरा; ही साधने ड्रॉइंगला लागणाऱ्या सगळ्या फाईली एकत्र बांधतात. पॅक अँड गोमध्ये ड्रॉइंग समाविष्ट करण्याची आणि टूलबॉक्सचे (सॉलिडवर्क्समधल्या तयार बोल्ट-नटांच्या संग्रहाचे) पार्ट समाविष्ट करण्याची अशा दोन खुणा असतात, दोन्ही करा. टूलबॉक्सचे पार्ट राहिले आणि संच दुसऱ्या संगणकावर उघडला की बोल्ट भलत्याच मापाचे, कधीकधी यंत्राहून मोठे दिसतात.

ज्याला लोक बॅकअप समजतात

ऑटोकॅड सेव्ह करताना आधीची आवृत्ती बीएके फाईल म्हणून ठेवते. तिच्या नावातले शेवटचे बीएके बदलून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅड ड्रॉइंगची खूण) केले की ती उघडते. पण ती फक्त एक सेव्ह मागची असते आणि त्याच फोल्डरमध्ये असते. चूक करून दोनदा सेव्ह दाबले की बीएकेमध्येही चूकच. ऑटोसेव्हची एसव्ही$ फाईल मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी बनते, पण वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर, आणि ड्रॉइंग नीट बंद केले की पुसली जाते. संगणक मध्येच बंद पडला तरच तिचा उपयोग.

रेडमुळे (एकच डेटा अनेक डिस्कवर सांभाळण्याच्या रचनेमुळे) एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, एवढेच. चुकून पुसलेली फाईल रेडमधल्या सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. क्लाउड सिंकचेही तेच: एकाने खराब केलेली फाईल काही मिनिटांत सगळ्यांकडे पोहोचते. शिवाय दोघांनी एकच असेंब्ली एकाच वेळी सेव्ह केली तर सिंक दुसऱ्या नावाची ‘कॉन्फ्लिक्ट’ प्रत बनवते आणि तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

विंडोज सर्व्हरवरच्या शॅडो कॉपी (ठरावीक वेळी आपोआप टिपलेल्या फाईलींच्या जुन्या स्थिती) मात्र चालू ठेवाच. ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून दुपारची फाईल परत घेणे ज्याचे त्याला जमते आणि तुम्हाला येणारे निम्मे फोन बंद होतात. एका व्हॉल्यूमवर अशा जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, त्यापुढे सर्वांत जुनी जाते. त्या बहुधा त्याच डिस्कवर असतात, म्हणून त्यांनाही बॅकअपच्या प्रतींत मोजायचे नाही.

किती प्रती, किती दिवस

३-२-१ चा नियम अजून चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमे, एक प्रत इमारतीबाहेर. त्यात एक भर घाला. एक प्रत अशी हवी की जिला सर्व्हरच्या ॲडमिन खात्यातूनही हात लावता येणार नाही. बॅकअपची डिस्क ड्राइव्ह लेटर देऊन कायम जोडून ठेवली असेल तर रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तीही एनक्रिप्ट करते. काढून ठेवलेली डिस्क, टेप, किंवा ठरावीक मुदतीपर्यंत न पुसता येणारी क्लाउडमधली साठवण, यांपैकी काहीही चालेल.

मुदतीच्या बाबतीत ड्रॉइंग हिशेबाच्या फाईलींपेक्षा वेगळी वागतात. हिशेबाची फाईल रोज उघडते, बिघडली तर उद्याच कळते. एखाद्या जुन्या यंत्राच्या सुट्या भागाचे ड्रॉइंग दोन-दोन वर्षे कुणी उघडत नाही. त्यातला पार्ट कुणी आज चुकून बदलला, तर ते पुढची ऑर्डर आल्यावर कळणार, आणि तोवर ३० दिवसांच्या बॅकअपमधल्या चांगल्या प्रती कधीच पुसल्या गेलेल्या असतात. त्यामुळे रोजच्या १४, आठवड्याच्या ८ आणि महिन्याच्या किमान २४ प्रती ठेवा. रिलीज झालेले प्रत्येक रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) तर कायमचे, वेगळ्या फोल्डरमध्ये, जिथे लिहिण्याची परवानगी एक-दोघांनाच आहे. तिथे मूळ फाईलसोबत पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) आणि त्रिमितीय पार्टसाठी स्टेप (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) फाईलही ठेवा. वीस वर्षांनी मूळ सॉफ्टवेअर असेलच असे नाही.

टेपवर ठेवत असाल तर टेपसोबत ड्राइव्हचाही विचार करा. एलटीओ हा टेपचा प्रकार, पुढचा आकडा त्याची पिढी: एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ ची टेप वाचतो, एलटीओ-७ ची वाचत नाही.

रात्रीचे काम कुठे अडते

छोट्या कंपनीत बरेचदा रोबोकॉपी या विंडोजमधल्या कॉपी करण्याच्या कमांडवर भागते. तिचे तीन सापळे माहीत हवेत. ‘मिर’ हा स्विच नावाप्रमाणे आरसा आहे. मूळ जागी पुसले ते प्रतीमध्येही पुसतो, म्हणून तो तारखेनुसार वेगळ्या फोल्डरशिवाय वापरू नका. दुसरे, कॉपी न होणाऱ्या फाईलसाठी ती मूळ सेटिंगने १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करते. कुणाची एक फाईल कुलूपबंद राहिली की सकाळी बॅकअप तिथेच थांबलेला दिसतो. ‘आर’ला (प्रयत्नांची संख्या) ३ आणि ‘डब्ल्यू’ला (मधले सेकंद) ५ द्या, लॉग लिहायला लावा आणि तो लॉग वाचा. डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या ऑटोकॅडच्या लॉक फाईली वगळा. त्या परत आणल्या तर ड्रॉइंग कुणीतरी उघडले आहे असा खोटा निरोप मिळू शकतो.

तिसरा सापळा खरे तर विंडोजचा. पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. रोबोकॉपी त्याहून लांब पाथ कॉपी करते, पण प्रत ठेवताना पुढे ‘बॅकअप, वर्ष, महिना, तारीख’ असे फोल्डर लागतात, आणि मुळात २४० अक्षरांचा असलेला पाथ मर्यादेबाहेर जातो. फाईल डिस्कवर असते, पण कॅड सॉफ्टवेअर ती उघडत नाही. फोल्डरची नावे आखूड ठेवा. ‘फायनल फायनल नवीन’ छापाच्या नावांना तसाही थारा नको. रिव्हिजनचे अक्षर पीडीएफच्या नावात घाला, त्रिमितीय पार्टच्या फाईलनावात नको. असेंब्ली पार्टला नावाने शोधते, आणि एक्स्प्लोररमध्ये नाव बदलले की दुवा तुटतो.

पीडीएम असेल तर

पीडीएम म्हणजे ड्रॉइंगच्या फाईली आणि त्यांची व्हर्जन सांभाळणारी प्रणाली. सॉलिडवर्क्स पीडीएम किंवा ऑटोडेस्क व्हॉल्टमध्ये माल दोन ठिकाणी असतो: फाईल साठवणीत आणि एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये. पीडीएमचा आर्काइव्ह फोल्डर उघडून बघा. ० ते ९ आणि ए ते एफ नावांचे सोळा फोल्डर, आत आकड्यांची नावे असलेल्या फाईली. कोणती फाईल कोणत्या ड्रॉइंगचे कितवे व्हर्जन हे फक्त डेटाबेसला माहीत. म्हणून दोन्हींचा बॅकअप एकाच वेळी घ्या. डेटाबेस रात्री १० चा आणि फाईली आदल्या दिवशीच्या असल्या तर यादीत दिसणारी व्हर्जन उघडतच नाहीत. व्हॉल्टचा बॅकअप त्याच्या सर्व्हर कन्सोलमधूनच घ्या आणि सोबत आवृत्तीचा नंबर लिहून ठेवा.

चेक-आउट करून (बदलासाठी स्वतःकडे घेऊन) ठेवलेल्या फाईलींत झालेले काम चेक-इन (परत जमा) होईपर्यंत सर्व्हरवर नसते. आठवडाभर चेक-इन न करणाऱ्यांची यादी दर शुक्रवारी काढा. थोडी नाराजी होईल, होऊ द्या.

परत आणून बघणे

न तपासलेल्या बॅकअपला प्रत म्हणू नये, हे सगळेच सांगतात. ड्रॉइंगच्या बाबतीत तपासणीच फसवी ठरू शकते, हे फार कमी जण सांगतात. बॅकअपमधली असेंब्ली वेगळ्या फोल्डरमध्ये काढली, उघडली, सगळे पार्ट दिसले, टिकमार्क झाला. प्रत्यक्षात पार्ट चालू सर्व्हरवरून आले असू शकतात, कारण पूर्ण पाथ असलेले दुवे अजून तिकडेच बोट दाखवतात. मूळ असेंब्ली आधीच उघडी असेल तर सॉलिडवर्क्स त्याच नावाचे पार्ट मेमरीतूनही उचलते. म्हणून तपासणी नेटवर्कची वायर काढलेल्या संगणकावरच करा. दर तिमाहीत पाच संच पुरेत: एक मोठी असेंब्ली, एक एक्सरेफवाले लेआउट, एक पाच वर्षांहून जुने ड्रॉइंग, एक रिलीज पीडीएफ आणि एक अगदी कालचे. ऑटोकॅड फाईलवर ऑडिट ही चुका तपासणारी कमांड चालवा, खराब निघाली तर रिकव्हर ही दुरुस्तीची. डीडब्ल्यूजी फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिली सहा अक्षरे आवृत्ती सांगतात; एसी१०३२ म्हणजे २०१८ चा फॉरमॅट. तिथे नुसती शून्ये किंवा भलतेच काही दिसले तर आतला मजकूर गेलेला आहे.

वेळही मोजा. २ टेराबाइट डेटा १०० मेगाबिटच्या लाइनवरून उतरवायला कागदावरच ४४ तास लागतात. क्लाउडमधली प्रत सुरक्षित असली तरी पहिले दोन दिवस कारखान्याला ती दिसणार नाही, तेव्हा जवळची एक प्रत हवीच.

खरोखर परत आणायची वेळ आली की चालू फोल्डरवर थेट कधीच उतरवू नका. वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, रिव्हिजनची यादी रिलीज नोंदवहीशी ताडून बघा, आणि बॅकअपनंतर रिलीज झालेली रिव्हिजन पीडीएफ किंवा शॉपमधल्या शिक्क्याच्या प्रतींवरून शोधून काढा. तोवर जुन्या तारखेच्या ड्रॉइंगवरून कुणी माल कापायला घेणार नाही, हे प्रॉडक्शनला लेखी कळवा.